एका पायावर उभं राहता येईना: गरोदरपणातल्या एका दुखण्याचा प्रकरण अभ्यास

वय २९, दुसरी खेप, २५वा आठवडा. तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द: कंबर दुखते.

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात महिन्याच्या ९ तारखेला पाय ठेवायला जागा नसते. २०१६ पासून देशभर त्या तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. वजन, रक्तदाब, पोटाची उंची, बाळाचे ठोके, गोळ्या, पुढची तारीख, पुढची बाई. अशा दिवशी ‘कंबर दुखते’ ही तक्रार सगळ्यांत लवकर निकालात निघते. पोटुशीपणात कंबर दुखायचीच, थोडा आराम कर, असं म्हटलं की झालं. हिला ते आधीच दोन ठिकाणी सांगून झालं होतं. तरी मी तिला गर्दी ओसरेपर्यंत थांबवून घेतलं. बाकावरून उठताना ती दोन्ही हातांनी स्वतःची मांडी उचलून पाय पुढे ठेवत होती. नुसत्या कंबरदुखीत बाई असं करत नाही.

तिच्या परवानगीने लिहितेय. नाव, गाव आणि कंपनी गाळली आहे.

सगळ्यांचं ऐकणारी

घर कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, उतारावर. रस्त्यापासून खाली चिऱ्याच्या पायऱ्या, पावसात शेवाळलेल्या. घरात नवरा, सासू आणि चार वर्षांचा मुलगा. पहिलं बाळंतपण नॉर्मल, तेव्हा असं काही दुखलं नव्हतं. ती कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे.

दुखणं साधारण विसाव्या आठवड्यापासून. तिला तीन बाजूंनी तीन सल्ले मिळालेले. कारखान्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, रजा टाक आणि पडून राहा. सासूबाईंचं म्हणणं, उकिडवं बसून लादी पूस, बाळंतपण सुटसुटीत होतं. तिसरा सल्ला मोबाइलवरचा: ‘नॉर्मल डिलिव्हरीसाठी’ असलेल्या व्हिडिओत दाखवलेलं फुलपाखरू आसन आणि उकिडव्याने बदकासारखं चालणं. हिने कोणालाच नाराज केलं नाही. सकाळी फुलपाखरू, संध्याकाळी लादी आणि सुटीच्या दिवशी दिवसभर अंथरूण. शिवाय झोपायचं ते डाव्या कुशीवरच, कारण उजवीकडे वळलं तर बाळाला रक्त पोचत नाही असं कोणीतरी मनात भरवलेलं. नवऱ्याने फार्मसीतून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली होती, तिच्यावर डायक्लोफेनॅक लिहिलेलं.

ती पट्टी आधी बंद केली. या जातीच्या वेदनाशामकांनी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये २० आठवड्यांनंतर ती टाळण्याचा इशारा दिला. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी आधीच आकसण्याचाही धोका असतो. गरज पडली तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

दिवस विचारला

‘कुठे दुखतं?’ असं विचारलं की बायका सरसकट कमरेवर तळहात फिरवतात. म्हणून मी एका बोटाने दाखवायला सांगते. तिने एक बोट समोर, जघनाच्या हाडावर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मागे डाव्या कुल्ल्याच्या वरच्या खळीत. मणक्यावर काहीच नाही.

मग सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंतचा दिवस विचारला. यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि माझ्या मते व्यायामाचा तक्ता हातात देण्याआधी ती द्यावीच लागतात. अंथरुणात कूस बदलताना कळ येते, इतकी की नवऱ्याला उठवते. सलवार घालताना भिंत धरते. मुलाला डाव्या कमरेवर घेऊन पायऱ्या चढते, कारण पावसात तो घसरेल. नवऱ्याच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून कंपनीच्या बसपर्यंत. बस उंच, पायरी गुडघ्याएवढी.

आणि मग चेंज रूम.

औषधाच्या उघड्या गोळ्या जिथे पट्टीत भरतात, त्या भागात कपडे बदलल्याशिवाय जाता येत नाही. चेंज रूमच्या मधोमध स्टीलचा आडवा बाक असतो, खालून बंद. त्याच्या अलीकडची जमीन बाहेरची, पलीकडची आतली. बाकावर बसायचं, एक पाय उचलून पलीकडे टाकायचा, त्यात आतला जोडा घालायचा, मग दुसरा पाय. त्यानंतर उभ्याने ओव्हरऑल, म्हणजे पुन्हा एका पायावर. तिने ते मला खुर्चीवर बसून करून दाखवलं आणि डावा पाय उचलून बाजूला नेताना ओठ चावला. दोन्ही पाय फाकलेले, एक वर, एक खाली, आणि सगळं वजन ओटीच्या हाडांच्या सांध्यांवर. या दुखण्याला याहून वाईट हालचाल सुचवा म्हटलं तर मला सुचणार नाही.

‘शिफ्टमध्ये किती वेळा?’

‘येताना, जाताना, चहाला, जेवणाला. आणि लघवीला.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘म्हणून लघवीला जातच नाही, सिस्टर. पाणीच पीत नाही मी तिथे.’

हे तिने कुठेच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. लघवीची तपासणी लगेच करून घेतली. पू-पेशी वाढलेल्या. कल्चरला नमुना पाठवून डॉक्टरांनी गरोदरपणात चालणारं प्रतिजैविक सुरू केलं. ओटीपोटात जी जडशी कळ ती वर्णन करत होती, तिचा काही भाग या जंतुसंसर्गाचा होता. औषधाने आठवड्याभरात जळजळ गेली, हाडांची कळ राहिली. दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली होती, ती अशी सुटी झाली.

तिच्या लाइनवर कोणतं औषध चालतं तेही विचारलं. संप्रेरकं किंवा कर्करोगावरची औषधं असती तर मुद्दा कळेचा राहिला नसता, तिला त्या भागातून त्याच दिवशी बाहेर काढावं लागलं असतं. साधी आम्लपित्ताची गोळी निघाली.

तपासणीत काय दिसलं

रक्तदाब ११०/७०, बाळाचे ठोके १४८, पोटाची वाढ आठवड्यांना धरून. रक्तस्राव नाही, पाणी जात नाही, पोट ठरावीक वेळाने कडक होत नाही, पिंढरी एका बाजूने सुजलेली नाही. पायात मुंग्या, बधिरपणा नाही, लघवी-शौचावरचा ताबा ठीक. हे सगळं ‘नाही’ आधी लिहून घ्यायचं असतं. सातव्या महिन्यातली कंबरदुखी ही कधीकधी मुदतीआधीच्या कळांची सुरुवात असते, आणि ती हाडांची समजून घरी पाठवली तर महागात पडतं. हिमोग्लोबिन १०.१, म्हणजे सौम्य रक्तक्षय. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षयच धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिवसाला दोन केल्या.

मग एक साधी चाचणी. तिला उताणं झोपवलं, अगदी थोडा वेळ, उजव्या कुल्ल्याखाली घडी घातलेली चादर ठेवून. गुडघा न वाकवता एकेक पाय वीतभर उचलायला सांगितला. उजवा उचलला. डावा उचलताना म्हणाली, ‘हा माझा नाहीच वाटत, दुसऱ्याचा आहे.’ मी दोन्ही हातांनी तिच्या ओटीच्या हाडांना दोन्ही बाजूंनी आत दाबून धरलं आणि परत उचलायला लावला. उचलला. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. बाहेरून आधार मिळाला की पाय हलका होतो, म्हणजे सांध्यांना आतून मिळायचा तो आधार कमी पडतोय.

डॉक्टरांनी निदान केलं: ओटीच्या हाडांच्या कड्याची वेदना. समोर जघनसंधी, मागे माकडहाडाच्या वरचे दोन सांधे, या तिन्हींनी मिळून ते कडं होतं. गरोदर बायकांपैकी सुमारे पाचातल्या एकीला हे होतं. सगळं खापर रिलॅक्सिन या संप्रेरकावर फोडायची पद्धत आहे, पण त्याचं प्रमाण आणि दुखण्याची तीव्रता यांचा मेळ नीट बसत नाही. सांधे थोडे सैल होतात, वजन पुढे झुकतं, पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू थकलेले असतात आणि त्यावर दिवसभराच्या वेड्यावाकड्या हालचाली. बाळाला यातून काही धोका नसतो. हे वाक्य मी तिला दोनदा सांगितलं. दुखतंय म्हणजे बाळाला काहीतरी होतंय, या भीतीने ती हालचालच कमी करत चालली होती.

व्यायाम सगळ्यांत शेवटी

पहिल्या भेटीत एकही नवा व्यायाम दिला नाही. उलट दोन काढून घेतले: फुलपाखरू आणि बदकचाल. ज्यांना काही दुखत नाही त्यांना ती आसनं चालतीलही. हिच्या जघनसंधीला मांड्या फाकवणं म्हणजे दुखऱ्या जखमेची खपली रोज काढणं. मोबाइलवरच्या बाईला समोरचीचं कुठे दुखतं ते दिसत नाही, आणि ‘सातव्या महिन्यापासून सर्वांनी करावे’ असं ती हसत सांगते. माझा यावर राग आहे, तो लपवत नाही.

लादी पुसायची तर लांब दांड्याच्या मॉपने, नाहीतर दुसऱ्याने. नारळ खवणं बंद. विळीवर बसताना एक गुडघा वर, एक खाली दुमडलेला, आणि अंग एका बाजूला टाकून जोर. आमच्याकडे रोजच्या हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, नारळ लागतोच, तेव्हा हे छोटं काम नव्हे. मुलाला कमरेवर घेणं बंद. त्याला बसलेल्या आईच्या कुशीत यायला शिकवायचं, पायऱ्या बाबाने चढवायच्या.

मग हालचाली नव्याने बसवल्या. कूस बदलायची तर आधी दोन्ही गुडघे वाकवून एकत्र आणायचे, मधे उशी दाबायची, कुल्ले आवळायचे आणि श्वास सोडत खांदे-कंबर-गुडघे एकदम वळवायचे. उठताना आधी कुशीवर, मग दोन्ही पाय एकत्र खाली सोडून हाताच्या जोरावर बसायचं. सलवार बसून घालायची, दुखरा पाय आधी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, दर पायरीवर दोन्ही पाय जोडायचे. गाडीत बसताना आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. पट्टा पोटाच्या खालून मांड्यांच्या मुळाशी, वरचा छातीच्या मधून. हे मी तिला सांगितलं नाही, खोलीतल्या खाटेवर चार-पाच वेळा करून घेतलं. चौथ्या खेपेला ती कळ न येता वळली.

मोटारसायकलवर एका बाजूला बसणं मला कधीच पटलेलं नाही. आमच्या रस्त्यांवर, पावसात आणि गतिरोधकांवरून, पोट घेऊन तर नाहीच. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली तर जघनसंधी ताणते. शेवटी नवऱ्याने शेजाऱ्याच्या कारमधून बसथांब्यापर्यंत सोडायची सोय केली.

झोपेचं निराळंच. २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना उताणं नसावं, कुशीवर असावं, हे खरं. उताणं पडलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, आणि त्या स्थितीत झोपी जाण्याचा मृतजन्माशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. पण कूस डावीच हवी असं नाही. उजवीही चालते. हिचा डावा कुल्ला दुखत होता आणि ही रात्रभर त्याच्यावरच वजन टाकून पडत होती, बाळासाठी म्हणून. उजव्या कुशीची मोकळीक मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, झोप लागली म्हणून. मध्येच जाग आली आणि उताणी असलीस तर घाबरायचं नाही, वळायचं आणि परत झोपायचं, एवढंच सांगितलं. गुडघ्यांमधली उशी घोट्यांपर्यंत पोचायला हवी. तिने जुन्या लुगड्याची लांब गुंडाळी केली, ती विकतच्या उशीपेक्षा बरी निघाली.

बाक

चेंज रूमचं काय करायचं? डॉक्टरांनी पत्र दिलं: बाक ओलांडण्याचं काम नको, सलग उभं राहणं नको, अर्ध्या-पाऊण तासाने बसायला मिळावं, लघवीला जायची मुभा असावी. मातृत्व लाभाच्या कायद्यात गरोदर कामगार बाईला फार वेळ उभं राहण्याच्या आणि कष्टाच्या कामातून सूट मागता येते. पण ती कलमाप्रमाणे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यापासून, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून सुरू होते. ही पंचविसाव्यात होती. त्यामुळे कायदा दाखवून भांडण्यापेक्षा नेमकं काय नको हे लिहून देणं उपयोगी पडलं. ‘हलकं काम द्यावे’ असं पत्र साहेबाच्या टेबलावर पडून राहतं. हलकं म्हणजे काय, हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं?

तिला सेकंडरी पॅकिंगला हलवलं. तिथे पट्ट्या खोक्यांत भरतात, अंगभर ओव्हरऑल नाही, बाक नाही, खुर्ची आहे. हलवायला दहा-बारा दिवस लागले, तोवर तिला बाकावर आडवं बसून दोन्ही गुडघे जुळवून एकदम फिरवायला शिकवलं होतं. स्टील गुळगुळीत असल्याने ते जमलं. पाणी बाटलीतून, दिवसाला आठ-दहा ग्लास. बद्धकोष्ठ कमी झालं तेही पाण्याने आणि सकाळच्या पेजेबरोबर भाजी घेतल्याने. लोहाच्या गोळ्यांनी ते वाढलेलं होतं, आणि कुंथणं ओटीच्या तळाला मुळीच सोसत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नको आणि कॅल्शियमबरोबरही नको, हे सगळ्यांनाच सांगतो.

मग व्यायाम

दोन आठवड्यांनी आली तेव्हा रात्रीची कळ निम्म्यावर आली होती. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने तपासून ओटीचा पट्टा दिला, चालताना आणि काम करताना बांधायचा, झोपताना काढायचा. व्यायाम तिथेच ठरले, मी ते पुढे घोटून घेतले.

हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ हळूच वर गोल करायची आणि परत सपाट, खाली झोल पडू द्यायचा नाही. याच स्थितीत श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच बाळाकडे ओढायचं. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये उशी पाच मोजेपर्यंत दाबायची. भिंतीला हात टेकून ढकलणं, टाचा उचलणं, घोटे फिरवणं. रात्री पिंढरीत गोळा आला तर पाऊल स्वतःकडे ओढून धरायचं, टोकावर ताणायचं नाही.

ओटीच्या तळाचे व्यायाम मात्र तिला येतात असं ती म्हणाली आणि येत नव्हते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या या व्यायामाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, कृती थोड्यांना. ती पोट आत घेऊन मांड्या आवळत होती आणि श्वास रोखत होती. मी सांगितलं, वारा अडवतेस तसं मागून आवळ आणि तेच पुढे लघवीच्या वाटेपर्यंत वर ओढ. तोंडाने माझ्याशी बोलत राहा. बोलता आलं नाही तर श्वास रोखलायस. सहा-सात मोजेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं, मग काही झटपट. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करायचा नाही. ज्यांना आधी लघवी गळत नाही त्यांनी गरोदरपणात लवकर हे सुरू केलं तर शेवटच्या महिन्यांत गळण्याचं प्रमाण कमी राहतं, हे अभ्यासांत दिसलंय.

चालणं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गरोदर बायकांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवली, अर्थात ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही त्यांना. वार खाली असणं, गर्भाशयाचं तोंड सैल असणं, वाढलेला रक्तदाब, मुदतीआधीच्या कळा, असल्या अडचणी असतील तर हा आकडा विसरायचा. हिला मनाई नव्हती, पण १५० हा आकडा सांगितला असता तर ती हट्टाने पूर्ण करून अंथरुणाला खिळली असती. दहा मिनिटं, लहान पावलं, दिवसातून दोनदा, कळ सुरू होण्याआधी थांबायचं. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतका वेग. पावसात चालायचं कुठे हा खरा प्रश्न. सासूबाईंनी देवळाचा सभामंडप सुचवला. मला तो अनवाणी, ओल्या फरशीवर नको होता. त्यांनीच पुजाऱ्याशी बोलून संध्याकाळच्या आरतीआधीची, फरशी सुकलेली वेळ काढली आणि सोबत जाऊ लागल्या.

सासूबाईंविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. पहिल्या भेटीत त्या मला म्हणाल्या, ‘बाय, नवव्या महिन्यात भाताची लावणी केली मी. कोणी पट्टा दिला नाही.’ मी विचारलं, ‘काकी, तुमचं काही दुखत नव्हतं?’ त्या म्हणाल्या, ‘दुखत होतं. सांगायचं कोणाला?’ सून बाजूलाच बसली होती. त्यानंतर लादीचा विषय निघाला नाही. श्रमाने बाई बळकट होते हे त्यांचं म्हणणं मी खोडलं नाही, कारण ते खोटं नाही. उकिडवं बसूनच बाळंतपण सोपं होतं, एवढंच मान्य केलं नाही.

पुढचे आठवडे

चौतिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी पोट कडक होऊ लागलं. तिला सांगून ठेवलं होतं: थांब, लघवी करून ये, दोन ग्लास पाणी पी, कुशीवर पड आणि मोज. तासाभरात चारपेक्षा जास्त वेळा झालं तर फोन करत बसू नकोस, निघ. रक्त, पाणी, बाळाची हालचाल कमी, डोकं ठणकणं, चक्कर, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, एका पिंढरीची सूज, यांतलं काही असलं तर मोजायचंही नाही. तिने सहा मोजले आणि निघाली. रुग्णालयात रात्रभर ठेवलं, गर्भाशयाचं तोंड बंद होतं, सकाळी कळा थांबल्या. ‘उगाच गेले का, सिस्टर?’ असं तिने विचारलं. मी म्हटलं, पुन्हा झालं तर पुन्हा जा.

चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, मात्र घसरलीच. घराला रंग दिला, भांडी काढली, आणि सगळ्या बायका खाली बसून नेवऱ्या (करंज्या) करत असताना हिला खुर्चीवर बसवेना. तीन तास मांडी घालून बसली. दुसऱ्या दिवशी भिंत धरून चालत होती. रागावून काय उपयोग? वर्षाचा सण, आणि तोही सासरी. दोन दिवस पट्टा, लहान फेऱ्या, फक्त श्वासाचा आणि पोट आत ओढण्याचा व्यायाम. मग परत पहिल्यासारखं. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीच्या खाली उभं राहून आरतीला ती खुर्चीच्या पाठीला धरून होती, हे नवऱ्याने सांगितलं.

प्रसूतीसाठी एक गोष्ट आधी करून ठेवली. खुर्चीच्या कडेवर बसवून, कळ न येता गुडघे किती लांब जातात ते टेपने मोजलं आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहिलं. शेजारी: पाय उचलायचे तर दोन्ही एकदम, शक्यतो कुशीवर किंवा ओणवं. कळांच्या भरात आणि भूल दिलेली असेल तर बाईला आपण किती ताणतोय ते कळत नाही, आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरला कार्डाशिवाय कळणार कसं? एकोणचाळिसाव्या आठवड्यात, डाव्या कळेमुळे उजव्या कुशीवर, नॉर्मल प्रसूती. मुलगी, २.९ किलो.

सहा आठवड्यांच्या तपासणीला समोरची कळ गेलेली होती. मागची डावीकडची पायऱ्यांवर अजून जाणवते, विशेषतः थोरल्याने हट्ट केला की. बहुतेक बायकांचं हे दुखणं बाळंतपणानंतर काही महिन्यांत ओसरतं, काहींचं रेंगाळतं. तिचं फिजिओथेरपीचं कार्ड म्हणून बंद केलेलं नाही. पाजताना पाठीला आधार, पायाखाली पाट, आणि बाळाला तोंडाशी आणायचं, स्वतः वाकायचं नाही, हे दाखवून दिलं.

२६ आठवड्यांची रजा फेब्रुवारीत संपते. कंपनी तिला पुन्हा प्रायमरी पॅकिंगला, म्हणजे बाकापलीकडच्या उघड्या गोळ्यांच्या भागात, घेणार आहे, पगारात तिथला भत्ता जास्त असल्याने तिलाही तेच हवंय. डाव्या पायावर आधार न धरता उभं राहता येतं का, हे बघून फिजिओथेरपिस्ट पत्र देणार. ती तपासणी जानेवारीत आहे.